फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) आहे की मूळव्याध, कसं ओळखायचं? मदत हवी आहे

नमस्कार, विषय अवघड जागेचा आहे पण मोकळेपणानेच विचारतेय. काही आठवड्यांपासून संडासला बसलं की काचेने चिरल्यासारखं दुखतं, आणि खरा त्रास तर नंतर सुरू होतो, आग आणि ठणका तासन्‌तास जात नाही, धड बसता पण येत नाही. रक्त थोडंच, लालभडक, टिश्यूवर डाग किंवा संडासवर वरून एखादी रेघ, काळपट अजिबात नाही. धुताना मागच्या बाजूला चामडीचा बारीक कोंब हाताला लागतो, तो स्वतः दुखत नाही.

आतल्या मूळव्याधीत रक्त पडतं पण सहसा दुखत नाही असं वाचलंय म्हणून फिशरचीच शंका जास्त येतेय. बद्धकोष्ठता आधीपासून होतीच. ताप नाही, पू नाही, वजन उतरलेलं नाही, रक्त पातळ व्हायची गोळी चालू नाही, प्रेग्नंट पण नाही.

कोमट पाण्यात बसणं, पाणी-फायबर वाढवणं, शौच मऊ करणारं औषध, लिग्नोकेनची जेली सगळं चालू आहे. शौच मऊ झालं पण ठणका तसाच, जेलीने तेवढ्यापुरतं बधिर होतं बस. सर्जनची अपॉइंटमेंट घेतलीय त्यामुळे मलमांची नावं नकोत प्लीज.

ज्यांना हे झालंय त्यांनी सांगा, असा कोंब म्हणजे फिशर जुनं झाल्याची खूण असते का? आणि डॉक्टरांना नुसतं बघून कळतं की एवढं दुखत असताना पण बोटाने किंवा दुर्बिणीने तपासतातच?