मदत हवी आहे: ऑपरेशननंतरचा संसर्ग आणि सदोष यंत्राबद्दलचा दावा

वडिलांची हृदयाची झडप काही वर्षांपूर्वी बदलली होती. बरेच महिने बारीक ताप, रात्री घाम, वजन घटतंय. आता तपासणीत मायकोबॅक्टेरियम कायमेरा निघाला. हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, पण फार हळू वाढतो, त्यामुळे लक्षणं दिसायलाच कित्येक महिने किंवा वर्षं जातात.

वाचनात आलं ते असं: ओपन हार्ट सर्जरीत रक्त गरम-थंड ठेवण्यासाठी हीटर-कूलर यंत्र वापरतात. त्याच्या टाकीतल्या पाण्यात हा जंतू वाढतो आणि पंख्याच्या हवेबरोबर ऑपरेशनच्या जागेपर्यंत पोचतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. पुढे जनुकीय तपासणीत वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांचे जंतू एकाच कारखान्यातल्या यंत्रांशी जुळले.

म्हणजे दावा नेमका कोणावर? यंत्रच सदोष असेल तर उत्पादकावर, स्वच्छता नीट ठेवली नसेल तर हॉस्पिटलवर, हे मला कळतं. पण दोन्ही असेल तर? हॉस्पिटल तर आत्ताच कंपनीकडे बोट दाखवतंय (अपेक्षितच होतं म्हणा).

मुख्य काळजी दावा दाखल करण्याच्या मुदतीची आहे. ती ऑपरेशनच्या तारखेपासून मोजतात की निदान झालं तेव्हापासून? लॅबने जंतूचा नमुना टाकून देऊ नये म्हणून लेखी विनंती पुरते का? ऑपरेशनच्या नोंदींबरोबर यंत्राचा अनुक्रमांक आणि सफाईची नोंदवही मागता येते का?

अशा प्रकरणात कोणी वकील किंवा डॉक्टर म्हणून काम केलं असेल तर कृपया सांगा. उपचार चालू आहेत, त्याबद्दल सल्ला नको.