पारेषण वाहिनीचा वाढीव खर्च शेवटी आपल्याच बिलात का?

अंबड_युनिट:
महापारेषणच्या २२० केव्ही वाहिनीला मंजुरीपेक्षा जास्त खर्च आला तर तो आपोआप ग्राहकावर पडतो का? बिलातला ‘वहन आकार’ म्हणजे तोच का? नाशिकमधून वीज नियामक आयोगाकडे हरकत घ्यायची तर मागायचं काय?

तारमार्ग:
वहन आकार महावितरणच्या स्वतःच्या तारांचा. पारेषणचा खर्च महावितरणच्या वार्षिक महसुली गरजेत (वर्षभरात दरातून वसूल करायच्या एकूण रकमेत) मिसळतो, बिलावर वेगळा दिसतच नाही.

उदाहरणादाखल: १० कोटी जादा झाले आणि आयोगाने मान्य केले. कर्ज आणि भागभांडवल ७०:३० धरून ७ कोटी कर्जावर ९ टक्क्यांनी ६३ लाख व्याज, ३ कोटी भागभांडवलावर १४ टक्क्यांनी ४२ लाख परतावा, ५.२८ टक्क्यांनी ५२.८ लाख घसारा. पहिल्या वर्षीच सुमारे १.५८ कोटी. कर्ज फिटेल तसं व्याज उतरतं, परतावा मात्र चालूच राहतो.

सिन्नरकर:
‘मान्य केले’ इथंच खरी मेख आहे. आयोगाच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या वीज अपिलीय न्यायाधिकरणाने २७ एप्रिल २०११ ला (अपील ७२/२०१०, महानिर्मितीचं प्रकरण) निकष घालून दिला: उशीर कंपनीच्या चुकीने झाला तर वाढीव खर्च तिचा, आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला तर ग्राहकाचा, यापैकी कशातच बसला नाही तर दोघांत वाटून.

म्हणून ‘खर्च फार झाला’ असं मोघम लिहू नका. डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) मधला आणि प्रत्यक्ष खर्च बाबवार मागा, बांधकाम काळातलं व्याज वेगळं मागा, कंत्राटदाराकडून वसूल केलेला दंड कुठे गेला तेही विचारा. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांतून वाहिनी जाते तेव्हा ‘जागेचा विरोध’ एवढंच कारण लिहिलेलं चालवून घेऊ नका. बागा सर्वेक्षणातच दिसतात की! पंचनामा कधी, मोबदला जमा कधी, या तारखा मागा. शेतकऱ्याच्या मोबदल्यावर मात्र हरकत नको. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतच टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आहेत, आधी ८५ होते.

अंबड_युनिट:
निविदेने दिलेल्या वाहिनीचं काय?

तारमार्ग:
तिथे वीज कायदा २००३ चं कलम ६३. दर बोलीतच ठरतो, त्यामुळे कायद्यातला बदल किंवा दैवी आपत्ती अशी कारणं सोडली तर वाढ विकासकाच्या अंगावर. तुमची ताकद कलम ६२ च्या, म्हणजे आयोग खर्च तपासून दर ठरवतो त्या वाहिन्यांवर लावा. याचिकेची जाहिरात आली की तिच्यातल्या मुदतीत लेखी हरकत द्या. आदेश पटला नाही तर अपिलाला ४५ दिवस असतात.

सिन्नरकर:
आणि वाहिनी चार्ज झाली का, म्हणजे तिच्यात वीज सोडली का, तेही बघा. पुढचं उपकेंद्र अपुरं असताना नुसती उभी वाहिनी खर्चात धरली असेल, तर ती हरकत सगळ्यात आधी लिहा.