इंग्रजी शब्द पाठ आहेत पण लिहिताना आठवतच नाहीत, काय करू?

रोज दहा शब्द वहीत लिहून पाठ करतो, चार महिने झाले, अर्थ विचारलात तर लगेच सांगेन पण मेल लिहायला बसलो की त्यातला एकही सुचत नाही आणि जे लिहितो त्यात ग्रामरच्या चुका. काल सिनियरने ‘वी विल डिस्कस अबाउट इट’ मधला अबाउट खोडला. का? आपण विषयाबद्दलच बोलतो ना?

शब्दवेडी:
खोडला ते बरोबर केलं. डिस्कसमध्येच ‘बद्दल’ आलेलं असतं, पुढे थेट विषय लिहायचा, टॉकला मात्र अबाउट लागतो. आपल्या बऱ्याच चुका मनातल्या मराठीतून येतात, सगळ्यात जास्त त्रास ‘पासून’चा. सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून, आपल्याला दोन्हीकडे एकच ‘पासून’ चालतं, इंग्रजीत कधी सुरू झालं ते सांगायचं तर सिन्स आणि किती काळ चाललंय ते सांगायचं तर फॉर. त्यात ‘काम करतोय’ म्हणून आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम टू इयर्स’ लिहून मोकळे होतो, हवं असतं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स’. हे एक नीट बसलं ना तरी खूप फरक पडतो, खरंच.

रात्रपाळी:
सुटे शब्द पाठ करणं आधी बंद करा. मराठीत आपण कपडे घालतो, चष्मा लावतो, घड्याळ बांधतो आणि इंग्रजीत तिन्हीला वेअर, म्हणजे नुसता अर्थ माहीत असून भागत नाही, शब्द कोणासोबत येतो तेही हवं. डिसिजन असेल तर मेक, होमवर्क असेल तर डू, पाऊस हेवी पण वारा स्ट्राँग. वहीत अख्खं वाक्य लिहा, तेही स्वतःच्या कामातलं. आणि दहा नको, तीनच घ्या पण दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी अर्थ झाकून आठवून बघा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते.

साधीसरळ:
ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर यांना एस लावू नका. मराठीत दोन सल्ले होतात म्हणून ॲडव्हायसेस लिहिलं जातं. आणि अडचणीला तोंड देणं या अर्थी ‘कोप अप विथ’ नाही, कोप विथ.

मूळ प्रश्नकर्ता:
‘पासून’वाली चूक तर मी रोजच करतोय! आजच्या मेलमध्ये दोनदा सापडली. मग ‘मॅरीड विथ’ पण चूक का?

शब्दवेडी:
हो, मॅरीड टू. ‘त्याच्याशी लग्न’ मधल्या ‘शी’मुळे विथ तोंडात येतं.