कासच्या म्हशींना बंदी, मग गाड्यांचे काय?

यवतेश्वरकर : ‘कास पठारावर जनावर दिसता कामा नये, काढलेले कुंपण पुन्हा घाला’ ही येथील कालची सूचना वाचून राहवले नाही. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम. तिथे गवत माजले की गेंद, सीतेची आसवे अशा बुटक्या फुलांना ऊनच मिळत नाही. ते गवत गावच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या खात आल्या आणि २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ते हेच चरलेले पठार.

कोथरूडवासी : सूचना माझीच होती. ऐन सप्टेंबरात तेरड्याच्या ताटव्यात फतकल मारून बसलेली म्हैस मी स्वतः पाहिली असून, ती उठल्यावर खाली चिखलाखेरीज काही उरले नव्हते.

एकीवची सून : म्हैस दिसली, फोटोसाठी त्याच तेरड्यात लोळणारी मंडळी दिसली नाहीत? रविवारी घाटात गाड्यांची अशी रांग लागते की, सासऱ्यांना साताऱ्याला दवाखान्यात नेताना आमचा जीव टांगणीला लागला होता. दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा पठारावर शिरणाऱ्यांना आहे, रस्ता अडवणाऱ्यांना नाही.

कोथरूडवासी : ताई, विषय चराईचा आहे, वाहतुकीचा नव्हे. शिवाय प्रवेशशुल्कातून रोजगार तुमच्याच गावांना मिळतो, हे सोयीस्करपणे विसरू नका.

एकीवची सून : विसरले नाही, पण हंगाम दीड-दोन महिन्यांचा आणि जनावरांचे पोट बारा महिन्यांचे. गव्याने आमची नाचणी फस्त केली तर पंचनाम्याची वाट पाहायची आणि आमच्या म्हशीने कातळावरचे गवत खाल्ले की लगेच वारसा धोक्यात, हा कुठला न्याय?

यवतेश्वरकर : ऐन बहरात गुरे आवरावीत, एवढे मलाही मान्य आहे. परंतु जून-जुलैत गवत कोवळे असतानाच चराई झाली नाही, तर सप्टेंबरात आपण पाहायला याल ते गवतच. कुंपणाने म्हशी अडल्या, हौशी पाय अडले नाहीत.

कोथरूडवासी : बरे, जून-जुलैत चरू द्या, हवे तर म्हशींचे तिकीट मी काढतो. बहरातल्या चराईला मात्र माझा विरोध कायम आहे आणि ‘लोळणारी मंडळी’ हे मला उद्देशून असेल, तर ताईंनी ते शब्द मागे घ्यावेत.

एकीवची सून : आधी रविवारी गाडी साताऱ्यात ठेवून एसटीने या, मग विचार करू.