नवी नोकरी, मोठं शहर: पहिली खोली कुठं घेतली?

पांदणवाट
काल भाचीचा फोन आला. हिंजवडीला नोकरी लागली, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. घरात पेढ्यांची गडबड आणि पोरीचा पहिला प्रश्न, "मावशी, रूम कुठं पाहू?" तेव्हापासून डोक्यात माझी चंदननगरची खोलीच फिरते आहे.

मी विदर्भातली, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडची. खराडीत नोकरी लागली तेव्हा आमच्या गावचं पुण्यात कोणी नव्हतं. बाबांनी नकाशा पाहिला नाही, ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं, गाडी पुण्यात आधी कुठं थांबते? आपल्याकडच्या गाड्या नगर रोडनं येतात. आधी वाघोली, मग खराडी बायपास. म्हणून चंदननगर. कोथरूडला राहणाऱ्या मैत्रिणींचा हेवा वाटायचा. पण दिवाळी करून परतताना पहाटे बॅग, ज्वारीचं पीठ, डाळीची पिशवी घेऊन उतरलं की थोड्याच वेळात मी अंथरुणात असायची आणि त्या अजून रिक्षा शोधत असायच्या. ऑफिसही पायी. ऑफिस आणि गावची वाट, दोन्ही जवळ पडेल ती जागा, हे बाबांचं गणित मला आजही पटतं.

पाणी मात्र सकाळी तासभरच. घरमालकीण काकू जिन्यातून "पोरींनो, पाणी आलं!" म्हणाल्या की हातातला पोळीचा उंडा तसाच टाकून आम्ही बादल्यांकडे.

तुम्ही कुठं घेतली, काय पाहून घेतली, लिहा. पुणं, मुंबई, नागपूर, कुठलंही चालेल. भाचीला हे सगळं वाचायला देणार आहे.

संत्रापट्टा
ताई आधी अभिनंदन. हिंजवडी आयटी पार्कचा कोणता फेज ते विचारा. फेज १ असेल तर वाकड ठीक. फेज ३ असेल तर वाकडहून निघून शिवाजी चौकातच अर्धी सकाळ जाते. मग माण किंवा मारुंजीकडेच पाहा. आणि रविवारी दुपारी रूम पाहायला जाऊ नका, रस्ता रिकामा असतो. कामाच्या दिवशी सकाळी नऊला त्या दारातून निघून ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन पाहा. किती किलोमीटर ते कोणी विचारू नये, किती वेळ ते विचारावं.

बोरीचा भाचा
दारव्ह्याच्या कोणत्या बाजूच्या ताई? माझ्या मामाचं गाव बोरी अरब. लहानपणी शकुंतला रेल्वेनं जायचो, यवतमाळहून बसायचं अन् पूर्ण रस्ता खिडकी सोडायची नाही.

पांदणवाट
अरे मग तर आपण शेजारीच. शकुंतलेत मी पण खूप बसली आहे.

खारपाण
दर्यापूरकडचा आहे, त्यामुळे मी खोली नंतर पाहतो, पाणी आधी. आमच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं, तिथं जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मालक "चोवीस तास पाणी" म्हणतोच. त्याला विचारू नका, सरळ बाथरूममध्ये जा. नळाची तोटी पाहा, पांढरा थर चढला आहे का? शॉवरची छिद्रं बुजली आहेत का? बादलीच्या आतून हात फिरवा, खरखरीत लागलं तर बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी आहे. गिझरची कॉइल खराब होते, डाळ शिजत नाही, केस जातात. मग वॉचमनला विचारा की मार्च ते जूनमध्ये दिवसाला किती टँकर येतात. तो खरं सांगतो, त्याला त्यात काही लपवायचं नसतं. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरले आहेत की वेगळे मागणार, हेही भाडं ठरवायच्या आधी बोलून घ्या.

मोगरा
केसांचं अगदी खरं आहे

नाइटशिफ्ट
सगळे ऑफिसवालेच लिहून रायले म्हणून मी पण लिहितो. म्या आयटीआय फिटर, गाव उमरखेडकडं. चाकणच्या एमआयडीसीत लागलो. आमच्यासाठी कंपनी कुठं हाय ते महत्त्वाचं नाही, कंपनीची बस कुठून जाते ते महत्त्वाचं. भोसरी, मोशी, नाशिक फाटा, जिथं स्टॉप असेल तिथून चालत जाता येईल अशी कॉट बेसिसची, म्हणजे एका खाटेचं भाडं देऊन राहाची खोली पाहायची. बस गेली की हजेरी गेली.

दुसरं म्हणजे रात्रपाळी करून दिवसा झोपाचं असते. पत्र्याची खोली स्वस्त भेटते, पण एप्रिलमध्ये दुपारी तिच्यात झोप लागत नाही आणि मशीनवर डुलकी लागली तर बोट जाते. तीनशे रुपये जास्त देऊन स्लॅबची घेतली. रूममधी सगळे एकाच पाळीचे पायजेत, नाहीतर एकाचा डबा, दुसऱ्याचा मोबाइल अन् तिसऱ्याची झोप.

पांदणवाट
भाऊ, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या गावची पोरं चाकण, रांजणगावलाच जास्त जातात.

गव्हाचीओंबी
पोळ्या टाकता टाकता लिहिते. मुंबईत भाडं पाहायच्या आधी लोकलची लाइन पाहायची. विदर्भ एक्सप्रेस कल्याण, ठाणे, दादरला थांबते म्हणून आपले लोक कल्याणकडे राहतात. माझी मावशीही तिथंच. सगळ्यांचा आग्रह, मावशीजवळ राहा. पण नोकरी अंधेरीत, म्हणजे रोज दादरला उतरून पूल चढून पश्चिम रेल्वे. मी नालासोपाऱ्याला घेतली. एकच गाडी. मावशी बरेच दिवस बोलली नाही, नंतर स्वतःच पापड घेऊन आली. रोजचा प्रवास आपल्या पायांना करायचा असतो, नातेवाइकांच्या नाही.

आणि मुलींनी एक करावं. ज्या गल्लीत खोली आहे तिथून रात्री नऊ-साडेनऊला स्टेशनपर्यंत चालून यावं. दिवे आहेत का, मेडिकल उघडं असतं का, बायका दिसतात का. दिवसा सगळ्या गल्ल्या चांगल्या दिसतात.

संत्रापट्टा
ऐरोली, घणसोलीला नोकरी असेल तर कल्याण-ठाण्याकडं राहणं सोपं पडतं, ठाण्याला ट्रान्सहार्बर लोकल मिळते. माझा भाऊ तसंच करतो.

कोरडवाहू
डिपॉझिटबद्दल कोणी बोललं नाही. भाडं पगारातून जातं, पण डिपॉझिट आणि दलाली पहिला पगार व्हायच्या आधी लागते. ती घरून येते. माझ्या बाबांना कापूस थांबवायचा होता, भाव चढेल म्हणून. माझ्या डिपॉझिटसाठी खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. ते पैसे मोजून खिशात ठेवताना मला बोलता येत नव्हतं.

म्हणून पोरांनो, पैसे हातात देऊ नका, खात्यावर टाका. किल्ली घेतल्या दिवशी भिंती, नळ, पंखे, खिडकीच्या काचा, सगळ्यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. आमच्या मालकानं सोडताना रंगरंगोटीच्या नावानं बरीच रक्कम कापायला काढली होती. फोटो दाखवले तेव्हा गप्प बसला. तो पैसा कपाशीचा होता, मी सोडणार नव्हतो.

मोगरा
वाचून भरून आलं दादा.

कोर्टाजवळचा
करारावर दोन शब्द. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं असेल तर मालकानं सिद्ध करायचं. "पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू" म्हणणाऱ्यांना हे शांतपणे सांगा. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधारवर अंगठा लागतो. आई-बाबांना गावी पाठवता त्या पैशांसारखंच करारालाही जपा, पीडीएफ स्वतःला मेल करून ठेवा. नोटीस किती दिवसांची आणि आधी सोडलं तर काय कापणार, ही दोन कलमं सही करण्याआधी वाचाच.

बोरीचा भाचा
स्टॅम्पचा खर्च कोणी द्यायचा सर?

कोर्टाजवळचा
बोलून ठरवायचं. बरेच जण अर्धा-अर्धा करतात.

कठाणी
मी लिहू की नको असं चाललं होतं. खोली कुठं घ्यायची हे आपण ठरवतो असं सगळ्यांचं वाचून वाटतं. मला पुण्यात आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" मग "रूम कालच गेली." संध्याकाळी मित्रानं त्याच्या आडनावानं फोन केला, रूम रिकामी होती. असं एका ठिकाणी नाही झालं. शेवटी ऑफिसमधला एक सिनियर खोली सोडत होता, त्यानं स्वतः मालकांना माझ्याबद्दल सांगितलं, तिथं राहिलो. ते आजोबा चांगले निघाले, पोळ्याला पुरणपोळी वर पाठवायचे. पण त्या आधीचे फोन मी विसरत नाही. आपल्याकडून जी पोरं जातात त्यांच्यासाठी ज्यांच्या खोल्या रिकाम्या होतात त्यांनी आधी आपल्या लोकांत सांगावं, एवढंच मागणं.

पांदणवाट
भाऊ, लिहिलंत हे बरं केलंत. भाचीला हेही वाचू दे, तिच्या मैत्रिणींनाही कामी येईल.

कोरडवाहू
कठाणी भाऊ, माझी रूम जूनमध्ये सुटते आहे, मोशीला. कोणी असेल तर सांगा. मालकाशी मी बोलतो.

धानपट्टा
नागपूरही मोठं शहरच आहे जी! साकोलीकडचा, मिहानमध्ये, म्हणजे वर्धा रोडकडच्या उद्योग-पट्ट्यात नोकरी. मनीषनगर, बेसा, बेलतरोडी पाहिलं. नागपुरात सगळ्यात वरचा माळा घेऊ नका. स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकते. कूलरला खिडकी पाहिजे, खिडकीला बाहेरून लोखंडी स्टँड ठोकू देणार का ते विचारा, आणि कूलरमध्ये पाणी टाकायला पाइप पोचतो का. मी पट्टीनं खिडकी मोजून आलो होतो, मालक पाहतच राहिले. वर्धा रोडनं मेट्रो खापरीपर्यंत आहे, पण पुढं ऑफिसपर्यंत कसं जाणार ते आधीच पाहून ठेवा.

नाइटशिफ्ट
कोरडवाहू दादा मोशीची रूम स्लॅबची हाय का? माझ्या गाववाल्याले पायजे, तो पण चाकणलाच लागला.

कोरडवाहू
हो स्लॅबचीच. तिघं राहू शकतात. पाणी दोन वेळा. मेसेज करा.

पांदणवाट
भाचीचं उत्तर आलं, फेज ३. म्हणजे माणच. संत्रापट्टा भाऊ, मुलींसाठी तिकडे बरी सोसायटी माहीत असेल तर सांगा. सोमवारी सकाळी नऊचा रस्ता तीच पाहून येते म्हणाली, आणि बादलीच्या आतून हात फिरवायचंही लिहून घेतलं आहे तिनं.

संत्रापट्टा
बायकोची चुलतबहीण तिथं राहते, रात्री जेवण झालं की नंबर घेऊन पाठवतो.