मदत हवी आहे : तुलनात्मक राजकारणाच्या पेपरात 'तुलना' नेमकी करायची कशी?

काजूची_बाग :

नमस्कार मंडळी, इथं राज्यशास्त्रात एमए केलेले किंवा करत असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी चंदगड तालुक्यातली, कोल्हापूर जिल्ह्यात, अगदी कर्नाटकच्या सीमेला लागून. बीए तिकडंच मराठी माध्यमातून झालं, आता पुण्यात एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमला तुलनात्मक राजकारणाची ओळख असा पेपर आहे. नाव बघून मला हायसं वाटलेलं, कारण बीएला ब्रिटन, अमेरिका, स्वित्झर्लंडच्या राज्यघटना होत्या आणि त्यात मला चांगले मार्क पडायचे. सिनेटचे १०० सदस्य, मुदत ६ वर्षं, दर २ वर्षांनी एक तृतीयांश जागांची निवडणूक, स्वित्झर्लंडचं ७ जणांचं मंडळ आणि दरवर्षी बदलणारा अध्यक्ष, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

पण इथं तसलं काही नाहीच. पहिल्या तासाला मॅडमनी देश सांगितलेच नाहीत, प्रश्न सांगितला, की काही देशांत लोकशाही टिकते आणि काही देशांत मोडते हे कशामुळं. मग पुढचे तीन आठवडे चल (म्हणजे बदलणारी बाब, जिचा परिणाम तपासायचा), गृहीतक, प्रकरण (म्हणजे अभ्यासाला घेतलेला देश किंवा गाव), तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या तुलनेतून कारण शोधायच्या १८४३ मधल्या पद्धती, लाइपहार्ट या राज्यशास्त्रज्ञाचा तुलनेच्या पद्धतीवरचा १९७१ चा लेख. तो लेख इंग्रजीत, मला एकेक पान वाचायला अर्धा तास लागतो, डिक्शनरी उघडीच ठेवावी लागते, आणि शब्द कळले तरी माणूस म्हणतोय काय ते हाताला लागत नाही. वर्गातली निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची आहेत, ती पटापट बोलतात, मी मराठीत बोलले तर मॅडम ऐकून घेतात, अगदी चांगलं ऐकतात, पण मलाच तोंड उघडायला दोन महिने लागले.

आता मुद्दा. टर्म पेपरचा कच्चा मसुदा दिला होता, विषय ब्रिटनची संसदीय आणि अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत. आठ पानं लिहिली, चार ब्रिटनवर चार अमेरिकेवर आणि शेवटी फरकांचा तक्ता. रात्री जागून केलेलं. परत आला तेव्हा खाली एकच ओळ होती, "वर्णन नेटकं आहे, तुलना कुठं आहे?"

मला खरंच कळत नाहीये. दोन देश शेजारी शेजारी ठेवले, सारखं काय वेगळं काय ते सांगितलं, मग तुलना अजून वेगळी काय असते? तीन आठवड्यांनी पक्का पेपर द्यायचाय. मॅडमना भेटले तर त्या म्हणाल्या आधी कोडं शोध. कुणी उदाहरण देऊन समजावून सांगेल का, मराठीत?

सायडिंग_स्टेशन :

ताई, आधी एक सांगतो, मी इंजिनिअरिंग सोडून राज्यशास्त्राकडं आलेलो आणि माझा पहिला पेपर अगदी असाच परत आला होता. तुमची मेहनत वाया गेलेली नाही, पाठ असलेले देश पुढं लागणारच आहेत.

तुमच्या पेपरात प्रश्न नाही एवढंच झालंय. दोन देश वेगळे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. तुलना सुरू होते ती 'इतकं सगळं सारखं असून इथं हे घडलं आणि तिथं का नाही' असं म्हटलं की. मला ज्या उदाहरणानं उजेड पडला तेच देतो.

ब्रिटन आणि न्यूझीलंड घ्या. दोन्हीकडं संसदीय पद्धत, दोन्हीकडं आपल्यासारखीच ज्याला जास्त मतं तो निवडून आला अशी निवडणूक, दोन मोठे पक्ष आलटून पालटून. लाइपहार्ट तर म्हणायचा की वेस्टमिन्स्टरचा नमुना ब्रिटनपेक्षाही न्यूझीलंडमध्ये जास्त शुद्ध आहे. आणि तरी न्यूझीलंडनं १९९३ च्या सार्वमतात ही पद्धत सोडून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची (पक्षाला जितकी मतं त्या प्रमाणात जागा) मिश्र पद्धत घेतली, १९९६ ला तिच्यावर पहिली निवडणूक झाली. ब्रिटनमध्ये मात्र जुनीच चालू. हे झालं कोडं.

आता कारण शोधा. पहिलं कुणालाही सुचेल असं, की न्यूझीलंडमध्ये निकाल अन्यायाचे लागले. खरं आहे, १९७८ आणि १९८१ दोन्ही वेळा लेबर पक्षाला मतं जास्त आणि सरकार नॅशनल पक्षाचं. १९८१ ला सोशल क्रेडिट नावाच्या पक्षाला २० टक्क्यांहून जास्त मतं आणि ९२ पैकी जागा फक्त २. वाटतं ना, मिळालं उत्तर म्हणून? थांबा. ब्रिटनमध्ये १९५१ ला लेबरला मतं जास्त होती आणि सरकार हुजूर पक्षाच्या चर्चिलचं आलं, फेब्रुवारी १९७४ ला नेमकं उलटं, मतं हुजूर पक्षाला जास्त आणि जागा लेबरला. म्हणजे हे कारण दोन्हीकडं आहे पण बदल एकीकडंच झाला. एकट्या त्या कारणावर भागत नाही.

दुसरं, न्यूझीलंडमध्ये रॉयल कमिशननं १९८६ ला नव्या पद्धतीची शिफारस केली होती. बरं, पण ब्रिटनमध्येही जेनकिन्स आयोगानं १९९८ ला बदल सुचवला, तो अहवाल तसाच पडून राहिला. हेही कारण एकटं पुरत नाही.

मग उरतं काय? १९८४ पासून लेबरनं आणि १९९० नंतर नॅशनलनं, दोघांनी लागोपाठ, लोकांनी मागितले नव्हते असे मोठे आर्थिक बदल केले. वरचं सभागृह १९५० मध्येच बरखास्त केलेलं, त्यामुळं अडवणारं कुणीच नाही. लोकांचा दोन्ही पक्षांवरचा विश्वास एकदमच उडाला. त्यात निवडणूक पद्धतीवर सार्वमत घेण्याची आश्वासनं पुढाऱ्यांनी देऊन ठेवलेली, ती गळ्यात आली. १९९२ च्या पहिल्या सार्वमतात जवळजवळ ८५ टक्के लोकांनी बदल हवा म्हणून सांगितलं. ब्रिटनमध्ये सार्वमत झालं ते थेट २०११ ला, तेही प्रमाणशीर पद्धतीवर नव्हतंच, पसंतीक्रमाच्या मतदानावर होतं, आणि ते सपाटून पडलं.

बघा, मी कुठल्याच देशाची चार पानं लिहिली नाहीत. एकेक कारण उचललं आणि दुसऱ्या देशात नेऊन घासून बघितलं. दुसरा देश त्यासाठीच असतो.

काजूची_बाग :

दादा हे वाचून अंगावर काटा आला, खरंच. १९५१ आणि १९७४ ची गोष्ट मला माहीत होती! बीएच्या वहीत लिहिलेली आहे. पण ती ब्रिटनच्या कप्प्यात होती, ती बाहेर काढून न्यूझीलंडच्या कारणाला लावून बघायची हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता लाइपहार्टचा लेख परत काढते, 'चल खूप आणि प्रकरणं थोडी' हा त्याचा रडका मुद्दा आत्ता समजला, दोनच देश असल्यावर शेवटी उरलेली दोन तीन कारणं एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाहीत, हेच ना?

पण हे तुमचं उदाहरण जसंच्या तसं उचलणं बरोबर नाही. मला माझं कोडं हवंय.

उंबरठा_ओलांडून :

बाळा, मी कॉलेजात हा विषय बरीच वर्षं शिकवला, आता घरी असते. तुझा शेवटचा प्रश्न, होय, तेच. आणि वरच्यांनी सांगितलंय ते उत्तम आहे, त्यात फक्त भर घालते.

तू चंदगडची म्हणालीस म्हणून एक अभ्यास सांगते. आफ्रिकेत झांबिया आणि मलावी या देशांच्या सीमेवर चेवा आणि तुंबुका असे दोन समाज राहतात, सीमेच्या दोन्ही अंगांना. भाषा त्याच, चालीरीती त्याच, मधली रेघ इंग्रजांनी ओढलेली. डॅनियल पोझनर नावाच्या अभ्यासकानं सीमेलगतच्या चार गावांत जाऊन लोकांना विचारलं. झांबियात हे दोन समाज एकमेकांना आपले मानतात, एकत्र मत देतात. मलावीत, काही मैलांवर, तेच दोन समाज राजकारणात एकमेकांचे विरोधक. संस्कृती तर तीच, मग भांडण संस्कृतीमुळं म्हणता येत नाही. त्यानं कारण काढलं ते आकाराचं. मलावीत दोघंही इतके मोठे आहेत की एकेकट्याच्या जोरावर सत्तेचा डाव मांडता येतो. झांबियात दोघंही लहान, म्हणून 'पूर्वेकडचे' म्हणून एकत्र येण्यातच फायदा. २००४ चा लेख आहे, भाषा सोपी आहे, तो आधी वाच आणि लाइपहार्ट नंतर. मी माझ्या मुलांना नेहमी उलट्या क्रमानं वाचायला लावायची, आधी तुलना केलेली बघायची आणि मग पद्धत, पद्धत आधी वाचली की घशात अडकते.

तुझ्या दारात अशी एक सीमा आहे की गं.

काजूची_बाग :

मॅडम, मी हे वाचून दहा मिनिटं नुसती बसून होते. माझी आत्या बेळगावकडच्या एका गावात दिलीय, आमच्या गावाहून तासाभराच्या अंतरावर. तिथंही मराठी, गणपती तोच, भात आणि काजू तेच. पण तिच्याकडं सरपंच म्हणत नाहीत, अध्यक्ष म्हणतात, आणि त्याला पंचायतीचे सदस्य निवडतात. आमच्याकडं महाराष्ट्रात आता सरपंचाला लोक थेट मत देतात. आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, हे आजोबा सांगायचे, दाखल्यांवर पण जिल्हा बेळगाव आहे.

मग माझं कोडं असं चालेल का : पाण्याची किंवा रस्त्याची तक्रार घेऊन बाई आधी कुणाकडं जाते, गावच्या प्रमुखाकडं की वॉर्डातल्या सदस्याकडं? थेट निवडलेला सरपंच असेल तर सरळ त्याच्याकडं जात असतील, आणि सदस्यांनी निवडलेला असेल तर सदस्याकडूनच जावं लागत असेल, असं माझं गृहीतक. हँडआउट परत बघितलं, त्यात 'दोन प्रकरणं' असं आहे, दोन देश असं नाही.

तहसीलच्या_पायरीवर :

कल्पना आवडली पण दोन ठिकाणी अडकाल म्हणून आत्ताच सांगतो, राग नसावा.

एक, झांबियाची सीमा लोकांना न विचारता ओढलेली, चंदगडची तशी नाही. १९५६ ला अख्खा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (म्हणजे आताच्या कर्नाटकात) गेला आणि चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला, तो तालुका मराठी म्हणूनच. त्यामुळं कोण कुठल्या बाजूला पडलं याचा भाषेशी संबंध आहे. पलीकडं मराठी गावं आहेत हे खरं, पण त्यांच्या राजकारणात सीमाप्रश्न आहे आणि तुमच्याकडं तो तसा नाही. दोन, कर्नाटकात एका ग्रामपंचायतीत सहसा बरीच गावं असतात. अध्यक्ष दुसऱ्या गावचा असेल तर बाई त्याच्याकडं जाणार नाही हे निवडणुकीच्या नियमामुळं की अंतरामुळं, तुम्ही सांगू शकणार नाही. शिवाय कामकाजाचे कागद तिकडं कन्नडमध्ये.

त्यापेक्षा सीमा ओलांडूच नका. महाराष्ट्रात थेट सरपंच २०१७ ला आला, २०२० ला रद्द झाला, २०२२ ला परत आला. म्हणजे ज्या गावांची निवडणूक जानेवारी २०२१ ला झाली तिथला सरपंच सदस्यांनी निवडला आणि ज्यांची २०२२ च्या शेवटी झाली तिथं लोकांनी थेट. राज्य एक, तालुका एक, भाषा एक, पंचायतीचा आकारही साधारण सारखा निवडता येईल. आणि कुठल्या गावाला कुठला नियम लागला हे गावानं ठरवलेलं नाही, त्यांची मुदत कधी संपत होती त्यावर ठरलं. तुमच्याच तालुक्यात अशी गावं शेजारी शेजारी सापडतील. फक्त एक जपा, सरपंचपद बाईसाठी राखीव असेल तर बायका तिच्याकडं जास्त जातील, तेव्हा दोन्ही गावांत आरक्षण सारखं आहे का ते बघूनच गावं निवडा.

उंबरठा_ओलांडून :

हे माझ्यापेक्षा नीट सांगितलंत. बाळा, हेच कर. आत्याचं गाव पुढं प्रबंधासाठी ठेव.

काजूची_बाग :

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे मानू. आज मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या हे कोडं आहे, कर. एवढंच म्हणाल्या पण माझा दिवस गेला छान.

आमचंच गाव २०२१ वालं आहे की नंतरचं ते बाबांना फोन करून विचारलं, २०२१ चं आहे, सरपंचबाई सदस्यांनी निवडलेल्या. ओढ्यापलीकडच्या गावात मागच्या वेळी थेट झाली होती असं ते म्हणाले, तिथं पण बाईच आहेत पण पद राखीव होतं की खुल्या जागेवर आल्या ते त्यांना सांगता येईना. शनिवारी रात्रीच्या गाडीनं गावी निघतेय, सोमवारी तहसीलला जाणार. दादा, तुम्ही तिकडचे जाणकार दिसता, गावनिहाय निवडणुकीची तारीख आणि सरपंचपदाचं आरक्षण हे दोन्ही एकाच टेबलावर मिळतं का, आणि साधा अर्ज पुरतो की माहिती अधिकारात टाकावा लागेल? महिनाभर थांबायला वेळ नाहीये. आणि घरोघरी बायकांना विचारायला जाताना प्रश्न कसे विचारू, 'तुम्ही कुणाकडं जाता' असं सरळ विचारलं तर सरपंचबाईंचं नाव घ्यायचं म्हणून घेतील, त्यापेक्षा मागच्या उन्हाळ्यात नळाला पाणी आलं नाही तेव्हा काय केलं असं विचारावं असं वाटतंय. बरोबर आहे का?