एक्सएमएलमध्ये टॅगच्या नावात ‘ॲ’ आला की फाइल परत वाचता येत नाही

प्रश्न:
स्प्रेडशीटमधील रकान्यांची मराठी शीर्षके घेऊन त्याच नावांचे एक्सएमएल (माहिती टॅगांत गुंडाळून लिहिण्याची पद्धत) एलिमेंट, म्हणजे टॅगांत गुंडाळलेले माहितीचे तुकडे, तयार करणारा एक छोटा पायथन प्रोग्रॅम मी लिहिला आहे. एलिमेंटट्रीने (पायथनसोबत येणारी एक्सएमएल लायब्ररी) फाइल विनातक्रार लिहून दिली. मात्र तीच फाइल त्याच एलिमेंटट्रीने वाचायला घेतली, तेव्हा ‘ॲडव्हान्स’ या टॅगपाशी ‘इनव्हॅलिड टोकन’ असा एरर आला. ‘रक्कम’ आणि ‘दिनांक’ हे टॅग मात्र व्यवस्थित वाचले जातात. चमत्कारिक बाब अशी, की एलएक्सएमएल या दुसऱ्या लायब्ररीने हीच फाइल निमूटपणे उघडली. नावे आधीच तपासावीत म्हणून बॅकस्लॅश-डब्ल्यूचे (‘शब्दातील अक्षर’ ओळखणारी खूण) रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर पडताळण्याचा साचा, लावले, तर त्याने ‘रक्कम’सुद्धा नाकारले. तपासणी नेमकी कशाच्या आधारे करावी?

उत्तर १:
येथे दोन वेगळे घोळ एकत्र आले आहेत. पायथनच्या बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर बसतात, परंतु काना, मात्रा आणि हलन्तचिन्ह बसत नाही. त्यामुळे ‘रक्कम’मधील पाय मोडक्या ‘क’पाशीच ते अडखळते. मराठीसाठी ते निरुपयोगी समजावे.

‘ॲ’चे कारण निराळे आहे. १९९८ च्या एक्सएमएल १.० मध्ये नावात चालणाऱ्या अक्षरांची यादी युनिकोड (लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारे मानक) २.० वरून केली होती, आणि ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान (०९७२) मिळाले ते २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये. त्याच वर्षी आलेल्या एक्सएमएल १.० च्या पाचव्या आवृत्तीने यादी काढून अक्षरक्रमांकांचे मोठे पट्टे ठरवले, ज्यांत संपूर्ण देवनागरी येते. एलिमेंटट्रीच्या पोटातील एक्सपॅट हा पार्सर (फाइल वाचणारा भाग) अजून जुन्या यादीवर चालतो, तर एलएक्सएमएलखालील लिबएक्सएमएल २.७ पासून नव्या नियमावर आहे. जुन्या फायलींमध्ये ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन लिहिलेले हेच अक्षर एक्सपॅटला चालते, ही आणखी एक गंमत.

उत्तर २:
फाइल कोणाकडे जाणार हे माहीत नसेल, तर जुना, कडक नियमच पाळावा. नव्या नियमाने नावाची सुरुवात देवनागरी ‘२’ने करता येते, रोमन 2 ने नाही, असल्या सवलतींवर विसंबू नये. शिवाय एलिमेंटट्री लिहिताना टॅगचे किंवा ॲट्रिब्यूटचे (टॅगमध्ये नाव आणि किंमत अशा जोडीने दिलेल्या माहितीचे) नाव तपासतच नाही, म्हणजे शीर्षकात एखादी मोकळी जागा आली तरी फाइल मोडेल. माझ्या मते शीर्षकाचे नाव करणेच चूक आहे. एलिमेंटला ‘रकाना’ असे ठरलेले नाव द्यावे आणि शीर्षक ॲट्रिब्यूटच्या किमतीत ठेवावे. तेथे ‘ॲ’ सर्वांना चालतो आणि विशेष चिन्हांचे एस्केपिंग (ती सुरक्षित रूपात लिहिणे) लायब्ररी सांभाळते.

प्रश्नकर्ता:
तसा बदल केला आणि दोन्ही पार्सर फाइल वाचू लागले. आता ‘दुसऱ्या हप्त्याची रक्कम’ हा रकाना शोधल्यावर काही फायलींत सापडत नाही, जरी पडद्यावर तो अगदी तसाच दिसतो.

उत्तर १:
एका कीबोर्डने ‘ऱ’ला हलन्त जोडला असेल, तर दुसऱ्याने ‘र’, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारे जोडचिन्ह). युनिकोडचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) या दोहोंना एक करत नाही, म्हणून तुलनेपूर्वी दुसरे रूप पहिल्यात बदलून घ्यावे.